यांचा कुकर कुठे असतो?

प्रश्न मूळचा माईंचा, पण चिकटला तो प्रणिताला.

त्याचं असं झालं, की सिंगापुरातल्या सेंगकांगला, मैत्रीण उल्काच्या घरी चहा घेताना प्रणिता फोनवर एका नामवंत डिझायनरची वेबसाइट बघत होती. उल्काच्या सासूबाई, म्हणजे माई, शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फोनमधलं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर नीट निरखलं आणि विचारलं, "बाई गं, यांचा कुकर कुठे असतो?"

प्रणिता रसायनशास्त्राची एम.एस्सी. उमेदीची वर्षं औषधांच्या गोळ्या पाण्यात कशा विरघळतात हे बघण्यात गेलेली. अशा माणसाला एखादा प्रश्न पडला की तो दातात अडकलेल्या सुपारीसारखा होतो. जीभ सारखी तिथेच जाते.

ती वेबसाइटी हौसेने बघत नव्हती. बरीच वर्षं ती इथल्या मराठी घरांना सामान ठेवायच्या जागा आखून देत होती. सरकारी फ्लॅटचं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना "जरा सरक" म्हणत संसार करायची जागा. त्यात साबुदाण्यापासून सोऱ्यापर्यंत सगळं बसवायचं. प्रणिता आधी त्या घरात जाऊन नुसती बसायची. बाई डबा कुठल्या हाताने उघडते, कुकरची शिट्टी झाली की वाफ कुठल्या भिंतीवर बसते, लाटणं दर वेळी कुठे हरवतं, हे बघायची आणि मग आखायची. लोक खूश होते. फक्त या कामाला म्हणायचं काय, हे ठरलेलं नव्हतं. ते गेल्या गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाच्या चंद्रशेखर बापटांनी ठरवून टाकलं. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते म्हणाले, "आणि या प्रणिताताई. या कपाटं सुचवतात."

कपाटं सुचवतात! जसं काही एखादी बाई रस्त्याने जाता जाता लोकांच्या कानाशी लागून "कपाट, कपाट" म्हणत फिरते. प्रणिताने उकडीचा मोदक शांतपणे संपवला. पण घरी आल्यावर तिने गृहरचनाकारांच्या एका गिल्डच्या सूचीत नाव घालण्यासाठी अर्ज केला. त्या सूचीत नाव आलं, की त्यापुढे 'डिझायनर' असं छापून येतं. मग बापटांना ती सूची कशी दाखवायची, सहज दाखवल्यासारखी, हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

गिल्डचं उत्तर अतिशय नम्र होतं. आपलं काम पाहायला आम्ही उत्सुक आहोत, कृपया आपल्या वेबसाइटचा पत्ता कळवावा. वेबसाइट नसल्यास अर्ज विचारात घेता येत नाही. मुदत या शनिवारची.

वेबसाइट नव्हती. आता आधी वेबसाइट म्हणजे काय असतं, ते बघणं आलं.

प्रणिताने पद्धतशीरपणे नमुने गोळा केले आणि त्यांचे वर्ग पाडले. पहिल्या वर्गातल्या वेबसाइटी उघडल्या की पडदा पांढराच राहतो. आपल्याला वाटतं वायफाय गेलं. ते गेलेलं नसतं, तो विचार असतो. थोड्या वेळाने मधोमध 'प्रकाश' किंवा 'शांतता' असा एक शब्द उमटतो आणि तोही संकोचून नाहीसा होतो. दुसऱ्या वर्गात माउसचा बाण जाऊन त्या जागी एक टपोरा काळा ठिपका येतो. तो सांगितल्या जागी लगेच जात नाही. जेवायला हाक मारलेल्या मुलासारखा मागून रेंगाळत येतो. तिसऱ्या वर्गात सगळं असतं, पण फोन नंबर सापडत नाही. ज्यांना खरोखर गरज आहे ते शोधतीलच, अशी त्यामागची भूमिका असावी.

'आमच्याविषयी' या पानावर माणसं असतात. सगळी काळ्या शर्टातली. त्यांच्यापैकी कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. फोटोच्या चौकटीबाहेर, डाव्या बाजूला, काहीतरी फार गमतीचं चाललेलं असतं आणि तिकडे बघून ती हसत असतात. जगातल्या सगळ्या डिझायनरांच्या डाव्या बाजूला असं काय असतं, हा प्रणिताचा दुसरा प्रश्न. या फोटोखाली लिहिलेलं असतं, 'आम्ही घरं बांधत नाही. आम्ही प्रश्न विचारतो.'

"मग घर कोण बांधतं?" विक्रांतने विचारलं. हा प्रणिताचा नवरा. तांजोंग पगारला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा मॅनेजर. पोहे खाताना तो तिच्या खांद्यावरून बघत होता.

संस्थांच्या वेबसाइटी तर याच्याही वरच्या. डिझायनरला निदान काम मिळवायचं असतं, संस्थेला तेही नसतं. त्यामुळे तिथे नुसता उदात्तपणा. गिल्डच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं, 'आमच्या केंद्रस्थानी माणूस आहे.' आणि खाली अर्जदारांसाठी सूचना होती, की फोटोंमध्ये माणसं व वापरातल्या वस्तू नसाव्यात.

प्रणिताची सगळ्यांत आवडती वेबसाइट होती 'स्टुडिओ निअरली'ची. एक पांढरी खोली. एक खुर्ची. भिंतीवर पानांची सावली. बस्स. ती खुर्ची तिला इतकी ओळखीची झाली होती की कुठे रस्त्यात भेटली असती तर तिने "कसं काय" विचारलं असतं. फोटो मोठे करकरून तिने पाहिले. ना कुकर, ना केरसुणी, ना छत्री. सिंगापुरात छत्रीवाचून राहतात म्हणजे ही माणसं आहेत तरी कोण? विजेचा प्लगसुद्धा नाही. आणि तरी हे फोटो बघताना छातीत काहीतरी हलकं होत होतं, हेही तिने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं.

"निअरली म्हणजे जवळजवळ ना?" माई म्हणाल्या. "मग पूर्ण कधी करणार?"

विज्ञानाच्या विद्यार्थिनीला इथे स्वस्थ बसवेना. पसारा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तो फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येतो. एवढं तिला तिच्या संसारातून पक्कं कळलेलं होतं. तेव्हा या घरांचा पसारा कुठेतरी असणारच. पण कुठे?

दरम्यान प्रणिता वेबसाइट काढते आहे ही बातमी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटली. कोणी फोडली ते विचारू नये, कारण घरात विक्रांत एकटाच त्या ग्रुपवर बोलतो. बापटांनी फोनच केला. "वर गणपती हवा, प्रणिताताई. हलता हवा. समई पेटताना दाखवता आली तर उत्तम. त्याखाली ज्येष्ठांची नावं, मग आपलं निमंत्रण." त्यांना लग्नपत्रिका अभिप्रेत होती, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. "शेवटी 'आमच्या ताईच्या वेबसाइतला यायचं हं' असं घरातल्या लहान मुलांकडून," हेही त्यांनी सुचवलं. विक्रांतचं म्हणणं पडलं, की आकडे हवेत. आजपर्यंत बसवलेल्या फळ्या, वाचवलेली जागा, समाधानी गृहिणी, आणि हे आकडे पान उघडताच शून्यापासून भराभर वर जाताना दिसले पाहिजेत, पेट्रोलपंपासारखे.

"डोन्ट लिसन टु देम ला, आई," मुलगी किमया म्हणाली. ती कॉलेजात जाते आणि मराठी समजते, पण वापरते जपून. "तू फोटो दे. मी साइट बनवते. टेक्स्ट शॉर्ट ठेव. नोबडी रीड्स."

प्रणिताने मजकूर लिहिला. लिहून झाल्यावर बघते तो त्याला आपोआप उपशीर्षकं पडलेली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि शेवटी दक्षता. प्रयोगवहीची सवय अशी जात नाही. किमयाने ते वाचलं, बराच वेळ आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, धिस इज सो वीअर्ड." मग त्यातलं काहीच न घेता तिने फक्त नाव आणि फोन नंबर ठेवला. आता फोटोच हवे होते.

फोटोंसाठी उल्काचंच घर योग्य होतं. तिथलं काम प्रणिताच्या मते सर्वांत जमलेलं. कुकरला भिंतीतला एक कप्पा, शिट्टीची वाफ थेट खिडकीबाहेर. त्याच्या पलीकडे, वाफ आणि फोडणी दोन्हींपासून लांब, पूर्वेकडे तोंड केलेलं दुमडतं देवघर. फोटो काढणार उल्काचा नवरा शिरीष. हा मरिन इंजिनिअर, दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीवर घरी आलेला. त्याच्याकडे कॅमेरा चांगला होता. सवय मात्र इंजिनरूममध्ये तडा गेलेल्या पाइपांचे फोटो काढायची. त्यामुळे कशाचाही फोटो काढायचा तर आधी त्याच्याशेजारी तो एक स्टीलची पट्टी ठेवायचा, आकार कळावा म्हणून.

"पट्टी नको, शिरीष," प्रणिता म्हणाली.

"वहिनी, पट्टीशिवाय फोटोला पुरावा म्हणून किंमत नाही."

"पुरावा नकोय. शांतता हवी आहे."

शनिवारी सकाळी तिने शांतता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वापरातल्या वस्तू दिसता कामा नयेत. शिरीषला हे फार लवकर समजलं. जहाजावर तपासणीच्या आधी डेक मोकळा करतात, तसं त्याने घर मोकळं करायला घेतलं. डबे, बरण्या, तवे, पोळपाट, फ्रिजवरची चुंबकं, कॅलेंडर, पायपुसणी, सगळं दाराबाहेर. बाहेरच्या सामाईक वाटेवर एक संसारच उभा राहिला.

शेजारच्या को आंटी लगेच बाहेर आल्या. या ब्लॉकमधल्या जुन्या रहिवासी. "ऐयो, कॉरिडॉर ब्लॉक कॅनॉट! कोणीतरी फोटो काढून तक्रारीच्या ॲपवर टाकेल, मग नोटीस. घर सोडून चाललात?"

"नाही आंटी, फोटो काढतोय. वेबसाइटसाठी."

"वेबसाइटसाठी घर रिकामं करतात?" आंटींनी क्षणभर विचार केला. "माझ्याकडे ठेवा. कॅन, कॅन." आणि सगळा संसार त्यांच्या हॉलमध्ये गेला.

राहिले देव. गणपती, बाळकृष्ण, शंख आणि अन्नपूर्णा. अन्नपूर्णा माईंच्या लग्नात माहेरून आलेली. हातातली पळी झिजून तिचा चमचा झालेला. शिरीषच्या वडिलांच्या प्रत्येक बदलीत ती माईंच्या मांडीवर बसून गेली होती आणि सिंगापूरच्या विमानातही.

"देवघर रिकामं दाखवायचं?" माईंनी विचारलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"तासाभराचा प्रश्न आहे, माई," प्रणिता म्हणाली.

"मग गावाला जाताना ठेवतो तसे तांदळात ठेवा. उपाशी नको राहायला." आणि माईंनी स्वतः स्टीलच्या डब्यातल्या तांदळात देव अलगद ठेवले, वरून आणखी ओंजळभर तांदूळ घातले, झाकण लावलं, झाकणावर हळदकुंकू आणि एक जास्वंद. "मी हे बघायला थांबत नाही. देवळात जाऊन बसते. दिवेलागणीला येईन. तेव्हा देव जागेवर हवेत." उल्का त्यांना टॅक्सीत बसवून आली.

आता तो डबा कुठे ठेवायचा? घरात ठेवला तर फोटोत येतो. आंटींच्या घरात त्यांचं लाल देवघर, उदबत्त्या लावलेलं. आंटी म्हणाल्या, "तुमचा देव माझ्या देवाशेजारी. कॅन, वॉट." पण त्यांच्या चुलीवर डुकराच्या हाडांचं सूप उकळत होतं. उल्काला काही ते जमेना. तिने दाराबाहेर, वाट अडणार नाही असा कोपऱ्यात, पाट मांडला आणि त्यावर डबा ठेवला. फारच सुबक दिसत होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या आठवड्यात उल्काच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये एक सूचना लावलेली होती आणि प्रणिताने ती प्रत्येक फेरीत लक्षपूर्वक पाहिली होती. अक्षरांच्या किती तऱ्हा! लाल, निळा आणि पोपटी एकत्र! समास मुळीच नाहीत. वेबसाइटी बघून बघून तिची नजर आता तयार झाली होती. त्या सूचनेची मांडणी कशी सुधारता येईल याचा पूर्ण आराखडा तिच्या डोक्यात होता. फक्त सूचनेत लिहिलंय काय, एवढं तिने वाचलं नव्हतं.

लिहिलं होतं असं: गरजूंसाठी धान्य संकलन. शनिवारी सकाळी तांदूळ व कोरडा शिधा दाराबाहेर ठेवावा. स्वयंसेवक घेऊन जातील.

फोटो अप्रतिम आले. शिरीषने पट्टी खिशात ठेवण्याचा संयम दाखवला. पांढरी भिंत, रिकामा ओटा, मोकळं देवघर, त्यावर खिडकीतून आलेली सावली. प्रणिताला स्वतःच्याच कामाची ओळख पटेना, म्हणजे ते जमलं असणार. किमयाने घरबसल्या फोटो मागवून घेतले आणि साइट चढवलीसुद्धा. शिरीषने ती लगेच ब्लॉकच्या ग्रुपवर टाकली, आणि तिथून ती पुढे कुठे कुठे गेली. प्रणिताने फोनवर बघितली. नाव, नंबर आणि शांतता. मुदत संपायला रात्रीपर्यंत अवकाश होता. गिल्डला पत्ता पाठवण्याआधी देव जागेवर ठेवू, म्हणून ती बाहेर आली.

पाट होता. डबा नव्हता. पाटावर एक गोल स्टिकर होता आणि त्याच्यावर हसरं तोंड. 'थँक यू फॉर शेअरिंग!'

उल्का मटकन पाटावरच बसली. "माईंची अन्नपूर्णा," ती एवढंच म्हणाली.

नेमका तेव्हाच प्रणिताचा फोन वाजला. "हॅलो मॅडम, युवर युनिट स्टिल अव्हेलेबल?"

"कुठलं युनिट?"

"सेंगकांग. वेबसाइटवर पाहिलं. व्हेरी क्लीन. एलआरटी स्टेशन जवळ का? कुकिंग अलाउड?"

तिने फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. रिकाम्या खोल्या, खाली फोन नंबर, दुसरं काही नाही. सिंगापुरात अशा पानाचा एकच अर्थ होतो: जागा भाड्याने देणे आहे. नामवंत डिझायनर आपले फोन नंबर का लपवून ठेवतात, या कोड्याचं उत्तर तिला त्या घटकेला मिळालं, पण आनंद मानायला सवड नव्हती.

को आंटींनी सूचना वाचली होती, कारण त्यांनी तिची मांडणी पाहिली नव्हती. "रेसिडेंट्स कमिटीच्या खोलीत नेतात. खाली, तिसऱ्या ब्लॉकला. चला," त्या म्हणाल्या आणि सुपाखालचा गॅस बंद करून निघाल्याही. मागून उल्का, प्रणिता आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला शिरीष. घटनेची नोंद राहावी, असं त्याचं म्हणणं. वाटेत प्रणिताचा फोन वाजतच होता. एका गृहस्थांना मास्टर बेडरूमला वेगळं बाथरूम आहे का ते हवं होतं. दुसऱ्या बाईंना ते रिकामं कपाट कशासाठी आहे ते विचारायचं होतं. "देवासाठी," प्रणिता धापा टाकत म्हणाली. "ओके. बट एअरकॉन गॉट?" त्या म्हणाल्या.

कमिटीच्या खोलीत नारिंगी टी-शर्ट घातलेले एक काका टेबलाशी बसले होते. त्यांच्यामागे तांदळाच्या पिशव्यांची भिंत उभी होती. प्रणिताने श्वास सावरला आणि आमचा एक स्टीलचा डबा चुकून आला आहे, असं सांगितलं.

"दान दिलेली वस्तू परत देता येत नाही," काका नम्रपणे म्हणाले.

"दान दिलेली नाही. ठेवली होती."

"दाराबाहेर?"

"हो."

"शनिवारी सकाळी?"

"हो."

"फूल लावून?"

पुरावा खरोखरच प्रणिताच्या विरुद्ध होता.

"आत काय आहे?" काकांनी विचारलं.

"तांदूळ. आणि आमचे देव."

काकांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, फूड ओन्ली. देव आम्ही घेत नाही."

"म्हणूनच तर परत द्या म्हणतोय!"

"तुम्ही कोण? मालक?"

"मी डिझायनर आहे," प्रणिताच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही इथे.

"ओह. गॉट वेबसाइट?"

तिने दाखवली. काकांनी फोन हातात घेतला, अंगठ्याने फोटो वर सरकवले आणि उजळलेल्या चेहऱ्याने विचारलं, "भाडं किती?"

इथे को आंटींचा संयम संपला. त्यांनी होक्कियन या आपल्या चिनी बोलीत काकांना जे काही सुनावलं ते कोणाला कळलं नाही. पण काका उभे राहिले आणि त्यांनी मागच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक पाटी होती: 'उघडलेलं पाकीट. स्वीकारता येत नाही.' तिच्याखाली अर्धी बिस्किटं, झाकण नसलेली कॉफी, आणि या सगळ्यांच्या मधे, जास्वंदीसकट, माईंचा डबा. सुटे तांदूळ नियमात बसत नव्हते. ज्या नियमांनी प्रणिताचा अर्ज अडवला होता, त्यांच्याच एका भावंडाने अन्नपूर्णा वाचवली होती.

उल्काने झाकण उघडलं. वर नुसते तांदूळ. तिचा चेहरा पडला. मग तिने दोन बोटं आत घातली आणि झिजलेली पळी वर आली. को आंटी वाकून बघत होत्या. "एह? लेडी चेफ!" त्या म्हणाल्या. "हातात चमचा. व्हेरी गुड. हिला दाराबाहेर कशाला ठेवता? स्वयंपाकघरात ठेवा."

घरी आल्यावर कोणालाही शांतता नको होती. माई यायच्या आत सामान लावायचं म्हणून आंटींच्या हॉलमधून डब्यांची साखळी सुरू झाली. आश्चर्य म्हणजे प्रत्येक वस्तू न विचारता आपापल्या जागी जाऊन बसत होती. आंटींच्या हातात लाटणं आलं, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते बरोबर आपल्या खाचेत गेलं. कोणी सांगितलं नव्हतं. प्रणिता हातात सोऱ्या घेऊन उभीच राहिली. रिकाम्या फोटोंत तिला आपलं काम ओळखू आलं नव्हतं. ते आत्ता दिसत होतं. ते काम म्हणजे हेच होतं.

"शिरीष," ती म्हणाली, "फोटो काढताय ना?"

"सकाळपासून थांबलोच नाहीये, वहिनी. पट्टीसकट."

माई आल्या तेव्हा देव जागेवर होते, कुकरची शिट्टी होत होती आणि देवघराला वाफेचा थेंब लागत नव्हता. माईंनी दिवा लावला, अन्नपूर्णेकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर बिस्किटाचा भुगा कसा?"

मग सगळं सांगावं लागलं. माईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं बसून होती. बाहेर कोण उपाशी आहे ते बघून आली." तांदळाची एक मोठी, न उघडलेली पिशवी को आंटींबरोबर कमिटीच्या खोलीत गेली. फुलाशिवाय.

त्याच संध्याकाळी प्रणिताने किमयाला वेबसाइट बदलायला लावली. आता तिथे भरलेला ओटा होता, पट्टीशेजारी कुकर होता, लाटणं हातात घेतलेल्या को आंटी होत्या, आणि तांदळात गळ्यापर्यंत बुडालेले देव होते. खाली उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता, सगळंच्या सगळं. दक्षतेत एका वाक्याची भर होती: 'देव दाराबाहेर ठेवू नयेत.' किमयाने सगळं परत वाचलं. "स्टिल वीअर्ड," ती म्हणाली. मग म्हणाली, "बट इट्स यू." मुदत संपायच्या आत पत्ता गिल्डला गेला.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. फोटोंमध्ये माणसं व वापरातल्या वस्तू आढळल्या. अर्ज परीक्षकांकडे पाठवला आहे. परीक्षक आपल्याला प्रत्यक्ष भेटू इच्छितात.

पत्ता तांजोंग पगारचा होता. खाली दुकान, वर घर अशा जुन्या दुकानघरांच्या रांगेतलं एक घर. प्रणिता कॉटनची इस्त्रीची साडी नेसून, नापास व्हायच्या पूर्ण तयारीनिशी गेली. जिना चढून वर आली आणि थबकली. पांढरी खोली. भिंतीवर पानांची सावली. आणि मधोमध ती खुर्ची.

"कसं काय," असं ती जवळजवळ म्हणालीच.

परीक्षक म्हणजे स्टुडिओ निअरलीच्या ॲडलीन सेआ. त्या काळ्या शर्टात होत्या, पण कॅमेरा नसल्याने सरळ समोर बघत होत्या. त्यांनी प्रणिताची वेबसाइट उघडून ठेवली होती. "तांदळातले हे लोक कोण?" त्यांनी विचारलं. प्रणिताने सांगितलं. ॲडलीन हसल्या नाहीत. फोटो मोठा करून बघत राहिल्या. "आणि वाफ? वाफ खरंच त्यांच्यापर्यंत जात नाही?"

"नाही. आठवडाभर बघून जागा ठरवली."

"आठवडाभर नुसतं बघितलं?"

"हो. आधी बघावं लागतं."

ॲडलीन उठल्या, पांढऱ्या भिंतीपाशी गेल्या आणि तिला हळूच बाजूला सरकवलं. ती भिंत नव्हतीच. मागे एक अख्खी खोली होती, आणि तिच्यात छतापर्यंत छत्र्या, चपला, मुलाची स्कूटर, केरसुण्या, वायरींची भेंडोळी, पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, भाताचे डाग पडलेला, दांडीला रबरबँड लावलेला एक जुना राइस कुकर.

"आई पुढच्या महिन्यात राहायला येते आहे," ॲडलीन म्हणाल्या. "तिचं देवघर घेऊन. मला ते कुठे ठेवायचं ते सुचत नाही. तुमचं नाव मी आजच सूचीत घालते, ते वेगळं. पण हे... तुम्ही बघाल?"

प्रणिताला काहीतरी समर्पक आणि भारदस्त बोलायचं होतं. 'डिझायनर' म्हणून हे तिचं पहिलंच वाक्य ठरणार होतं. पण ती नुसती बघत उभी राहिली. मग "एक मिनिट हं," म्हणून खिडकीशी गेली आणि सेंगकांगला फोन लावला.

"माई, प्रणिता बोलतेय. कुकर सापडला."

"अगंबाई! कुठे होता?"

"भिंतीच्या मागे."

पलीकडे क्षणभर शेंगा सोलायच्या थांबल्या. मग माईंचा सुस्कारा ऐकू आला, एखाद्याची तब्येत बरी असल्याचं कळल्यावर सोडतात तसा.

"म्हणजे जेवतात हो माणसं," माई म्हणाल्या.